चावरं इंजिन

इंगळे मास्तरांची आणि माझी ओळख त्यांच्या बोटापासून झाली. नेमकं सांगायचं तर बोटाच्या टोकापासून. उजव्या हाताच्या तर्जनीचं ते टोक त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं. रुमाल माझ्या टेबलावर ठेवून ते स्टुलावर बसले. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं आणि त्यांच्या अंगाला एक गोडसर, डोकं गरगरवणारा वास येत होता. तो ईथरचा वास होता. नर्सिंग शिकताना ऑपरेशनच्या खोलीत मी तो पुष्कळदा घेतला होता. खेड्यातल्या उपकेंद्रात, एका माणसाच्या शर्टाला तो कसा, हे काही कळेना.

"काय झालं?"

"चावलं."

"कुत्रं?"

"इंजन," ते म्हणाले. मग रुमालाकडे बोट दाखवून, म्हणजे उरलेलं बोट दाखवून, "हे परत लागंल का, सिस्टर?"

"नाही."

"मंग फेका."

मी जखम धुतली, टाके घातले. माझ्याकडचं भूल देण्याचं इंजेक्शन संपलेलं होतं. ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि टाके पडत असताना खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटचा टाका मी बांधत होते तेव्हा ते म्हणाले, "हवा दमट झाली होती. सुई मिटवाले पाह्यजे होती. माही चूक हाय, त्याची नाही."

किन्हीराजाच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागायचं. नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे जे झालं त्या दिवशी हातात काठ्या घेऊन आलेल्यांची नातवंडं तिथे आता सुखानं राहतात, त्यांना कशाला त्रास. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चाले. मी नवी नवी नर्स. दोन खोल्यांचं उपकेंद्र, एक स्टूल, एक बाक, एक पेटी, एवढा माझा संसार.

दौलत इंगळे हे हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले मेकॅनिक. गावच्या हायस्कुलात कवायत शिकवत. बौद्ध वस्तीत बापाचं घर होतं, तिथे बायको पंचफुलाबाईंबरोबर राहत. मूलबाळ नव्हतं. उंची बेताची, मान जाड, केस अगदी बारीक कापलेले, आणि कपाळावर सदा एक उभी आठी. हवाई दलातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक चहाचा थर्मास आणि दुसरं मुठीत मावेल एवढं एक इंजिन. दिल्लीकडे असताना तिथले अधिकारी खेळातली विमानं उडवत, त्यांतल्या कुणीतरी ते यांना दिलं होतं. त्या इंजिनासाठी इंगळ्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं विमान बनवलं, पंखांवर पतंगाचा कागद ताणून वार्निश दिलं, पुढचा पंखा सागाचा कोरला. इंजिन सुरू करायला तो बोटानं झटकून फिरवावा लागे, बोट चावलं ते त्यानंच. हे विमान सुटं उडत नसे. पोलादाच्या दोन बारीक तारा त्याच्या पंखाला बांधलेल्या आणि तारांची मूठ इंगळ्यांच्या हातात. मधे उभं राहून ते गोल गोल फिरत आणि विमान त्यांच्याभोवती भणभणत घिरट्या घेई. मूठ वर केली की वर, खाली केली की खाली. आवाज असा की अर्ध्या गावात ऐकू जावा. त्यावरून गावानं त्यांना भुंगा गुर्जी असं नाव ठेवलं. तोंडावर तसं म्हणणाऱ्या एका दलालाच्या त्यांनी कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी मात्र विमानाच्या पंखावर स्वतःच काळा भुंगा रंगवला.

हात उचलणं ही त्यांची पहिली भाषा होती, बोलणं दुसरी. पण शाळेत त्यांनी कधी कुणा पोराला चापटसुद्धा मारली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अंगानं आपल्यापेक्षा लहान त्याले काय मारायचं? मारायचं तं आपल्यापेक्षा मोठा पाहून." आणि गावात त्यांच्यापेक्षा मोठी माणसं पुष्कळ होती.

चौकात किसनचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे कुडाची भिंत, दोन बाकडी, एक भट्टी. बाहेरच्या कोनाड्यात वस्तीतल्या लोकांसाठी एक वेगळी कपबशी ठेवलेली असे. प्यायची, आपली आपण धुवायची, परत कोनाड्यात ठेवायची. हवाई दलात सगळ्यांबरोबर एका किटलीतून चहा प्यालेले इंगळे आत बाकड्यावर जाऊन बसले. किसननं त्यांना चहा दिला, पण त्या कोनाड्यातल्या कपात. इंगळ्यांनी तो शांतपणे संपवला. कप जमिनीवर ठेवून बुटाच्या टाचेनं चुरला. मग उठून फळीवरचे ग्लास एकेक करून भिंतीवर फोडायला लागले. किसननं भट्टीवरचं भांडं उचललं, इंगळ्यांनी ते वरच्या वर ढकललं, उकळता चहा किसनच्या हातावर सांडला. मग किसनचा भाऊ महादेव आणि आणखी काही जण जळणाची लाकडं घेऊन धावले.

थोड्या वेळानं दोघंही माझ्याकडे आले. एकाच्या बरगड्या मोडलेल्या, दुसऱ्याचा हात फोडांनी भरलेला. आणि बसायला बाक एकच.

"याले बाहीर बसवा," किसन म्हणाला.

"इथे बाहेर-आत काही नाही," मी म्हटलं. "बसायचं तर बाकावर बसा, नाहीतर घरी जा."

किसन बसला. इंगळे त्याच्या शेजारी बसले. इंगळ्यांना श्वास घेताना कळ येत होती, आणि किसनचं कण्हणं थांबत नव्हतं. मी किसनच्या हाताला मलम लावायला घेतलं तसे इंगळे म्हणाले, "आधी थंड पानी टाका सिस्टर, नाईतं कातडं निंघन."

"तू चूप बैस रे," किसन खेकसला.

"तुह्यासाठी नाही सांगून राह्यलो. त्यायचा मलम वाया जाईन."

त्यानंतर किसननं त्यांना चहा दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. पण रोज सकाळी शाळेत जाताना इंगळे किसनच्या हॉटेलासमोर रस्त्याच्या मधोमध थांबत, बगलेतला थर्मास उघडत, त्याच्या झाकणात स्वतःचा चहा ओतून उभ्या उभ्या पीत, आणि किसनकडे एकटक बघत. मग झाकण झटकून पुढे जात. पाऊस असला तरी हा नेम चुकत नसे. कोनाड्यात नवी कपबशी आली होती, पण ती वापरायला आता वस्तीतलं कुणी येईना.

इंजिनाबद्दल मला जे कळलं ते त्यांच्या बरगड्यांच्या पट्ट्या बदलताना. एरवी दोन वाक्यांवर न जाणारा माणूस त्यावर तासभर बोले. त्या इंजिनाचं खाणं म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर. रॉकेल रेशनचं, एरंडेल तेलघाण्यावरचं, ईथर अकोल्याहून आणलेलं. डोक्यावर एक पेच, तो आवळला की आतला दाब वाढतो. बाजूला एक सुई, ती उघडली की इंधन जास्त जातं. इंजिनाचा जीव या दोन ठिकाणी. थंडीतल्या सकाळी हवा जड असते, तेव्हा सुई थोडी उघडायची आणि पेच आवळायचा. इंजिन तापलं की पेच सैल करायचा. उन्हाळ्यात हवा विरळ, म्हणून सुई मिटवायची आणि एरंडेल वाढवायचं, नाहीतर आतलं लोखंड जळतं. पावसाळी दमट हवेत तर सकाळी लावलेलं दुपारी चालत नाही.

"समजतं कसं?" मी विचारलं.

"आयकू येते ना. गुरगुरलं, थुंकाले लागलं, तं समजा जास्त जेवलं. चिरकलं तं भुकेलं हाय, आता गळा धरंन आन् बसंन. या दोघायच्या मधात एका जागी ते गाते. ती जागा रोज बदलते, सिस्टर. मांगच्या हप्त्यात कुठं होती, त्याचा काई उपेग नाही."

उन्हाळ्यात त्यांचे हाल होत. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात ईथर बाटलीतच उकळतं, बूच काढलं की उडून जातं, आणि त्याच्याशिवाय इंजिन पेटत नाही. म्हणून बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत.

त्या बाटलीवरूनच पुढचं घडलं. एकदा घरात रॉकेल संपलं होतं. पंचफुलाबाईंनी ती बाटली रॉकेलचीच समजून चुलीत ओतली. भडका छपरापर्यंत गेला. त्यांच्या भुवया जळाल्या, कुडाचा एक कोपरा जळाला. शेजाऱ्यांनी माती टाकून विझवलं. इंगळे शाळेतून आले, रिकामी बाटली पाहिली आणि त्यांनी बायकोच्या तोंडावर मारलं.

ओठ फाटला होता. पंचफुलाबाई उपकेंद्रात आल्या, मी टाका घातला. ठेंगणी, काळीसावळी, कष्टानं हात काठीसारखे झालेली बाई. टाका झाल्यावर उठल्या, पदर नीट खोचला आणि म्हणाल्या, "चाल बाई माह्यासंग. तू साक्षीले राह्य."

घरी जाऊन त्यांनी फळीवरचं विमान खाली घेतलं, पान्यानं त्याचं इंजिन सोडवलं आणि ते मुठीत धरून थेट वस्तीच्या विहिरीवर गेल्या. मागून इंगळे ओरडत आले तोवर इंजिन खाली गेलं होतं. डुबुक असा आवाजही नीट आला नाही, पाणी तळाला गेलेलं होतं. इंगळे तसेच दोरावरून खाली उतरले.

गाळात चाचपडताना त्यांचं डोकं तेवढं वरून दिसत होतं. पंचफुलाबाईंनी काठावरचा एक दगड उचलला. लहान नव्हता. दोन्ही हातांनी तो विहिरीवर धरून त्या वाकल्या.

"सापडलं का?"

खालून आवाज आला, "हो."

"वर येशीन?"

"येतो ना. दोर धर."

"आधी सांग. पुन्हा माह्यावर हात उचलशीन?"

तोवर वस्तीतली माणसं जमली होती, पण पुढे कुणी झालं नाही. मला वाटलं आता हा माणूस खालून शिवी देणार आणि ही दगड सोडणार. त्यांनी दगड आणखी पुढे धरला.

"नाही उचलनार," खालून आलं.

"जोरानं बोल. वस्तीले आयकू जाऊ दे."

"नाही उचलनार!" विहीर घुमली.

त्यांनी दगड बाजूला टाकला आणि दोर धरला. पुढे कितीतरी वर्षांनी पंचफुलाबाई एकदा एकट्या भेटल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, शब्द पाळला का. त्या म्हणाल्या, "पाळला. भिंतीले मारे, दाराले मारे, एकडाव तं म्हशीले मारलं. मले नाही."

इंजिन रॉकेलमध्ये उकळून, पुसून, तेल देऊन पुन्हा चालू झालं. फक्त एवढं झालं की त्या दिवसापासून उडवताना विमान पकडायचं काम पंचफुलाबाईंकडे आलं. इंजिन सुरू झाल्यावर विमान कुणीतरी मागून घट्ट धरावं लागतं, आणि मधे उभ्या माणसानं खूण केली की सोडावं लागतं. इंगळ्यांनी कुणालाही शिकवलं नव्हतं, बाईंना शिकवलं. जोर त्यांच्या हातात होताच.

आता एप्रिलातल्या जयंतीचं सांगते.

वस्तीची मिरवणूक दरवर्षी नाल्याकडून, गावाला वळसा घालून जाई. त्या वर्षी वस्तीनं ठरवलं की सरळ चौकातून जायचं. रीतसर परवानगी काढली. बंदोबस्ताला एक जमादार सकाळीच यायचे होते, ते आले नाहीत. दुपारच्या एस.टी.नं येतील असं कळलं. त्याच गाडीनं मेडशीकडची पाहुणेमंडळीही येणार होती. तोवर शाळेच्या मैदानात थांबायचं ठरलं. सजवलेली बैलगाडी, गाडीवर फोटो, निळे झेंडे, नवी लुगडी नेसलेल्या बाया, पोरंसोरं. मला बुंदी वाटायला बोलावलं होतं. पेटी मी सवयीनं बरोबर घेतलेली. पोरांना भुंगा दाखवायचा म्हणून इंगळे विमान घेऊन आले होते.

ऊन असं की मैदानावरची हवा हलताना दिसत होती. आणि चौकाच्या बाजूनं माणसं आली. आधी वाटलं बघायला आली. मग काठ्या दिसल्या. पहिला दगड बैलगाडीच्या चाकावर बसला, दुसरा एका म्हातारीच्या खांद्यावर. बैल उधळले. वस्तीतले तरुण पुढे धावले, त्यांतल्या एकाचं डोकं लगेच फुटलं. मागे शाळेची भिंत, पुढे काठ्या, पळायला जागा नव्हती.

"मधात या!" इंगळे ओरडले. मैदानावरचा कवायतीचा आवाज होता तो. "सगळे मधात या! बसा! मुंड्या खाली! कोनीच उठायचं नाही!"

लोक बसले. का बसले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकरं पोटाशी धरून बाया जमिनीला चिकटल्या. मीही बसले. पंचफुलाबाईंनी विमान लांब, तारा ताणल्या जातील तिथे नेऊन जमिनीवर टेकवलं आणि मागून धरलं. इंगळे तिथे गुडघ्यावर बसून पंखा फिरवायला लागले. बोटाच्या त्या थोटकानं. एक झटका, दोन झटके. इंजिन गप्प. ईथर उडून गेलं होतं. त्यांनी गोणपाटातून बाटली काढली, तळाशी उरलेले थेंब सरळ इंजिनाच्या तोंडात सोडले आणि पुन्हा झटका मारला. इंजिन किंचाळलं, चिरकलं आणि बसायला लागलं.

दगड त्यांच्या पाठीवर पडत होते. ते मान वर न करता सुई फिरवत होते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि पहिल्यांदा माझ्या कानांना ते कळलं. चिरकणं थांबलं, गुरगुर आली, मग गुरगुरही गेली, आणि तो एकसारखा, ताणलेला, सणसणीत सूर लागला. ते उठून मूठ पकडायला मधे धावले. पंचफुलाबाईंच्या कपाळातून रक्त येत होतं, पण विमान त्यांनी सोडलं नव्हतं. इंगळ्यांनी हात वर केला. बाईंनी सोडलं.

भुंगा आमच्या डोक्यांवरून नाही, आमच्या कडेकडेनं, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीनं गोल फिरू लागला. आम्ही सगळे त्या वर्तुळात आणि ते सगळे बाहेर. सुरुवातीला बाहेरचे हसले. एकानं काठी आडवी धरली. काठीचा तुकडा उडाला, त्याच्या हातात बुंधा राहिला. मग हसणं थांबलं. माणसं मागे सरली. दगड येत होते, पण नेम धरायला थांबलं की भुंगा तोंडावर येई. इंगळे गरगर फिरत होते, डोळे विमानावर, तोंडातून शिव्यांची धार. धुरळा उठला होता आणि इंजिन मधेच खोकत होतं. हवेत असताना सुई फिरवता येत नाही. खोकला आला की ते मूठ वर करून विमान धुळीच्या वर काढत, सूर लागला की परत खाली आणत. टाकी केव्हातरी संपणार हे आम्हांला कळत होतं, बाहेरच्यांनाही कळत होतं. ते वाट बघत होते.

किसननं वाट बघितली नाही. हातात कुऱ्हाडीचा दांडा घेऊन, विमान समोरून गेलं तसा तो आत घुसला. त्याला वाटलं दुसरी फेरी यायच्या आत पोचू. नाही पोचला. पंखा त्याच्या कानाखाली लागला. तारा त्याच्या अंगाभोवती गुंडाळल्या, विमान जमिनीवर आपटून फुटलं, आवाज बंद झाला. किसन गुडघ्यांवर बसला. मानेतून रक्ताची पिचकारी उडत होती.

त्या शांततेत सगळ्यात आधी हलले ते इंगळे. मूठ टाकून ते किसनपाशी पोचले, त्याला उताणं पाडलं, अंगठा त्या जखमेत दाबला आणि हाक मारली, "सिस्टर!"

मी पेटी घेऊन धावले. अंगठ्याखालची धमनी मला दिसत होती. तिथे माझ्या पेटीतलं काहीच कामाचं नव्हतं. तो अंगठा हाच एक उपाय होता.

"दाबून ठेवा," मी म्हटलं. "काही झालं तरी काढू नका."

आणि मग ती माणसं आमच्यावर आली. त्यांना दिसलं ते एवढंच, की किसन रक्तात पडलाय आणि इंगळ्याचे हात त्याच्या गळ्यावर आहेत. पहिली काठी पाठीवर बसली, दुसरी मानेवर. आयुष्यात एकही शिवी मुकाट गिळली नव्हती असा तो माणूस. तो किसनवर आडवा झाला आणि मार खात राहिला. तिसरी काठी डाव्या कोपरावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. उजवा अंगठा हलला नाही. पंचफुलाबाई कुऱ्हाडीचा दांडा उचलून समोर येईल त्याला हाणत होत्या. मी ओरडत होते, "हात काढला तर हा मरेल! अरे तो धरून आहे म्हणून हा जिवंत आहे!" कुणाला ऐकू जात होतं कुणास ठाऊक.

महादेवला ऐकू गेलं. किसनच्या भावाला. त्याची काठी वर उचललेली होती. तो वाकला, त्यानं तो अंगठा पाहिला, अंगठ्याच्या कडेनं झिरपणारं रक्त पाहिलं. मग वळला आणि तीच काठी आपल्याच माणसांवर उगारून ओरडला, "माघं सरा! माघं सरा रे, माहा भाऊ मरते!" एकानं ऐकलं नाही, त्याच्या गुडघ्यावर महादेवनंच काठी घातली. तेवढ्यात वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला.

त्याच गाडीनं आम्ही वाशीमला निघालो. उतारू तिथेच उतरवले, जमादारही उतरून बंदोबस्ताला मैदानात थांबले. मधल्या मोकळ्या जागेत किसन, त्याच्यावर वाकलेले इंगळे, डावा हात लोंबकळत असलेला, आणि अंगठा तसाच. रस्ता तेव्हा निव्वळ खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला रक्ताची चिळकांडी आणि प्रत्येक चिळकांडीला इंगळ्यांची शिवी.

"डोये उघड! डोये मिटले तं थोबाड फोडतो तुहं!"

किसनचे ओठ हलले. काय म्हणाला ते मला कळलं नाही.

"मरायचं नाही! मरतं काय, भडव्या! उद्या सकाई कोनाकडे पाहून चहा पिऊ मी?"

महादेव पायाशी बसून हुंदके देत होता. पंचफुलाबाई कपाळाला पदर दाबून खिडकीबाहेर बघत होत्या. वाशीमला डॉक्टरांनी त्यांच्या चिमट्यानं धमनी पकडल्यावर सांगितलं, आता सोडा. इंगळ्यांना सोडता येईना. अंगठा आखडून तसाच राहिला होता. मी आणि डॉक्टर, दोघांनी मिळून तो उचकटला. तेव्हा कुठे ते बेशुद्ध पडले.

दोघंही वाचले. खटला झाला. दंगलीचा काठ्यावाल्यांवर, जीव घेण्याच्या प्रयत्नाचा इंगळ्यांवर. साक्षीला मीही होते. किसन पिंजऱ्यात उभा राहिला, मान एका बाजूला वाकलेली. म्हणाला, "मी आपल्या पायानं आत गेलो साहेब. इमान माह्यावर नाही आलं, मी इमानावर गेलो. यायनं अंगठा देल्ला म्हनून जित्ता हाव." इंगळ्यांच्या वकिलाचा चेहरा खुलला. मग न्यायाधीशांनी इंगळ्यांना विचारलं, कुणाला इजा व्हावी असा तुमचा हेतू होता का? वकील डोळ्यांनी खुणावत होता. इंगळे म्हणाले, "होता. आत येईन त्याले लागावं म्हनूनच उडोलं. लेकरं होते आत." वकिलानं डोकं धरलं. शिक्षा कमी झाली, पण झाली. काठ्यावाले पुराव्याअभावी सुटले. शाळेनं नोकरीवरून काढलं ते आधीच. इंजिन मुद्देमाल म्हणून कोर्टात जमा झालं, ते परत मिळालं नाही, आणि इंगळ्यांनी त्यासाठी अर्जही केला नाही.

किसन आणि ते मित्र झाले असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. किसननं हॉटेलाचा तो कोनाडा मातीनं बुजवून टाकला, एवढं मी पाहिलं. कुणी विचारलं तर म्हणे, पाल निघते त्यातून. इंगळे सुटून आले तेव्हा गावात राहिलेच नाहीत. पंचफुलाबाईंचं माहेर इंझोरीचं, तिकडे भावाच्या शेतावर दोघं निघून गेली. निघायच्या आधी पंचफुलाबाई माझ्याकडे येऊन गेल्या. ते आले नाहीत. ते अशा वेळी कुठेच जात नसत.

त्यानंतर इंगळ्यांना एकदाच पाहिलं. माझी बदली झाली होती, कारंज्याकडे निघाले होते. एस.टी. इंझोरीच्या थांब्यावर उभी होती. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, घंटी मारली, तशी गाडीच्या बॉनेटवर दणादण थापा बसल्या. मी मान वर करून पाहिलं. गाडीपुढे, रस्त्याच्या मधोमध इंगळे. केस पिकलेले, डावा हात कोपरात वाकलेला तो कायमचा, आणि उजव्या हाताची मूठ बॉनेटवर. लांब शेताच्या बांधावरून एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन लगबगीनं, म्हणजे तिच्या परीनं लगबगीनं, येत होती.

"हट रे बुढ्या, मरतं काय!" ड्रायव्हर ओरडला.

"ने अंगावरून! ने ना!" इंगळे गरजले. "पन ते माय बसल्याशिवाय गाडी हालनार नाही!"

"तुही कोन लागते ते?"

"कोनीच नाही! तुही कोनी लागाले पाह्यजे काय गाडीत बसाले?"

उतारू ओरडायला लागले, काही हसायला लागले. कंडक्टर शिव्या देत खाली उतरला, तर इंगळ्यांनी त्याची कॉलर धरली. म्हातारी आली, तिला कुणीतरी वर ओढून घेतलं, गाठोडं माझ्याच मांडीवर आलं. तेव्हा कुठे ते बाजूला झाले. गाडी हलली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "इंगळे सर!" धुरळ्यात ते रस्त्यावर उभे होते आणि अजून ओरडतच होते. त्यांनी हात वर केला. तो मला होता की कंडक्टरला दाखवलेली मूठ होती, धुरळ्यामुळे मला नीट दिसलं नाही. म्हातारी माझ्याशेजारी जागा करून घेत विचारत होती, "कोन व्हता व माय तो?"